क्लोव्हिस भालाग्रे

उत्तर अमेरिकेतील हिमयुगाअखेरच्या शिकाऱ्यांची पन्हळयुक्त दगडी पाती. न्यू मेक्सिकोतील क्लोव्हिस शहरावरून हे नाव पडले. शहराजवळच्या ब्लॅकवॉटर ड्रॉ येथे १९३० च्या दशकात एडगर हॉवर्ड यांच्या उत्खननात ती मॅमथच्या हाडांसोबत सापडली. कार्बन-१४ नुसार काळ सुमारे १३,०५० ते १२,७५० वर्षांपूर्वीचा. काही अभ्यासक आरंभ थोडा मागे नेतात.

घडण : चर्ट, कॅल्सिडोनी, ऑब्सिडियन असे एकजीव दगड निवडले जात, काही ठिकाणी ते शेकडो किमी. अंतरावरून आणलेले आहेत. दोन्ही पृष्ठांवरून छिलके काढून पाते पातळ करीत. एका कडेपासून पलीकडच्या कडेपर्यंत जाणारे, ती कडही उडवणारे छिलके हे या परंपरेचे खास लक्षण मानतात. शेवटी बुडाकडून टोकाच्या दिशेने एक लांब छिलका काढून पन्हळ पाडली जाई. ती बहुधा निम्म्या लांबीच्या आतच थांबते. या टप्प्यावर घाव चुकला की जवळजवळ पूर्ण झालेले पाते मोडे. बुडाच्या कडा घासून बोथट करीत, म्हणजे बांधणीचे तंतू कापले जात नसत. पन्हळीमुळे दांड्यात बसवणे सोपे जाई, असे एक मत आहे. आघाताचा धक्का बुडाशी शोषला जाई, असे काही प्रयोगांवरून सुचवले गेले आहे. वॉशिंग्टन राज्यातील ईस्ट वेनाची येथील साठ्यात (शोध १९८७) सुमारे २३ सेंमी. लांबीची पाती मिळाली. एवढी मोठी पाती शिकारीची नसून विधीसाठी असावीत, असा तर्क आहे.

मानवी वसाहतीचा प्रश्न : क्लोव्हिस लोक हेच दोन्ही अमेरिका खंडांतील पहिले रहिवासी, हे मत दीर्घकाळ प्रबळ होते. चिलीतील माँटे व्हर्दे (सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी) हे स्थळ १९९७ नंतर बहुतेकांनी स्वीकारल्यावर ते मागे पडले. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथील पाऊलखुणा २३,००० ते २१,००० वर्षांपूर्वीच्या असल्याचे २०२१ मध्ये मांडले गेले. या कालनिश्चितीवर वाद झाला आहे. सायबेरियात पन्हळयुक्त पात्यांची निःसंशय पूर्वपरंपरा आढळत नाही आणि अलास्कातील अशी पाती क्लोव्हिसनंतरची आहेत. त्यामुळे माणसे आशियातून आली, तरी हे तंत्र अमेरिकेतच जन्मले असावे. यावरून अवजाराची परंपरा आणि लोकांचे आगमन यांचे कालक्रम वेगळे धरावे लागतात.

जनुकीय पुरावा : माँटॅनातील अँझिक येथील, क्लोव्हिस अवजारांसोबतच्या दफनातील बालकाचा जनुकसंच २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे आजच्या मूळ अमेरिकनांशी निकटचे नाते दिसते.

दक्षिण अमेरिका : येथे क्लोव्हिसऐवजी मुख्यतः माशाच्या शेपटीसारख्या बुडाची पाती आढळतात.