विवस्त्र चित्र आणि न्यायासन



चित्रकलेतील नग्नता आणि तिच्यावरील बंदी हा विषय मी निवडल्याचे कळताच एका स्नेह्याने विचारले, “शाळेच्या व्यासपीठावरून हे बोलणार?” बोलणार आहे, कारण या इतिहासाचा एक धागा मल्हारगंजापासून फार दूर नाही. दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये इंदुरात कलाशाळा उभी केली. ना. श्री. बेंद्रे, विष्णु चिंचाळकर यांच्यासारखे चित्रकार तिने घडविले. पंढरपुरात जन्मलेला आणि इंदुरात वाढलेला मकबूल फिदा हुसेन हाही देवळालीकरांचाच विद्यार्थी.

विवस्त्र मानवदेहाचा अभ्यास ही कलाशिक्षणातील जुनी रीत. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९२०च्या सुमारास तसा वर्ग सुरू केला. वर्गाच्या बंद दाराआड जे अभ्यासाचे साधन असते, ते सार्वजनिक भिंतीवर टांगले की गुन्हा ठरते काय, हा प्रश्न १९५४ मध्ये न्यायालयासमोर आला. जहांगीर कलादालनात तरुण अकबर पदमसी यांचे प्रदर्शन भरले होते. त्यातील प्रेमिकांच्या चित्रांत पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर होता. पोलिसांनी ती चित्रे उतरविण्यास सांगितले. पदमसींनी नकार दिला. खटला उभा राहिला आणि ते निर्दोष सुटले. सरकार उच्च न्यायालयात गेले, तेथेही हरले. चित्रे गुपचूप उतरवून ठेवणे त्या वयात किती सोपे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नकाराचे मोल कळते.

आपल्या भाषेचाही येथे संबंध येतो. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाच्या मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचित्र असे आणि कर्व्यांना अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. तरीही १९२७ पासून १९५३ पर्यंत मासिक निघत राहिले.

हुसेन यांची कथा मात्र निराळी. १९७०च्या दशकातील त्यांचे सरस्वतीचे रेखाचित्र अनेक वर्षे कोणाला खुपले नाही. १९९६ मध्ये भोपाळच्या एका मासिकातील लेखाने ते वादात सापडले. मुंबईत गुन्हा नोंदविला गेला, अहमदाबादेत त्यांच्या कलाकृतींची नासधूस झाली. त्यांनी क्षमा मागितली, पण वादळ शमले नाही. २००६ मध्ये भारतमातेच्या विवस्त्र चित्रावरून पुन्हा तक्रारी झाल्या. तक्रारी दाखल झालेल्या गावांच्या यादीत पंढरपूर आहे, आणि इंदूरही आहे. एक जन्मगाव, दुसरे बालपणाचे गाव! हे वाचताना माझे मन विषण्ण झाले.

देवतेचे विवस्त्र चित्र पाहून भाविकाचे मन दुखावते, ही भावना मी खोटी मानत नाही. पण दुखावणे आणि अश्लीलता या दोन गोष्टी एक नव्हेत. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी हे खटले रद्द केले. केवळ नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, असे सांगून नव्वदीतल्या चित्रकाराने आपल्या घरी चित्रे काढत असावे, अशी अपेक्षा त्यांनी व्यक्त केली. घरी परतणे झाले नाही. २०१० मध्ये हुसेन यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

कायद्याकडे पाहिले तर मौज वाटते. १९६९ च्या दुरुस्तीने भारतीय दंडसंहितेच्या कलम २९२ मध्ये अपवाद घातले गेले. कला, साहित्य, विज्ञान यांच्या हितासाठीचे प्रकाशन त्यांत आलेच. मंदिरांतील शिल्पांना आधीपासूनच असलेली मुभा प्राचीन वास्तूंवरील शिल्पांनाही मिळाली. खजुराहोचा दगड सुरक्षित झाला. कॅनव्हासला मात्र आपली कला दरवेळी न्यायालयात सिद्ध करावी लागते.

आता एक कबुली. अध्यापनकाळात शाहिरी लावणी शिकविताना मीही काही कडवी “ही घरी वाचा” म्हणून ओलांडत असे. कोणत्याही पोलिसाने मला तसे सांगितले नव्हते. घरी ती कोणी वाचली असतील, असे वाटत नाही.

पदमसी २०२० मध्ये निवर्तले. त्यांची तीन आणि फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची चार चित्रे २०२३ मध्ये मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अश्लील म्हणून अडकवून ठेवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सातही चित्रे सोडून देण्याचा आदेश दिला. जहांगीरमधील त्या प्रदर्शनाला तेव्हा सत्तर वर्षे झाली होती.