शब्दार्थाच्या प्रश्नाची कुळकथा

मनुष्यास किती शब्द अवगत आहेत यावरून त्याच्या बुद्धीचें माप काढावें काय, हा प्रश्न कांहीं फार प्राचीन नाहीं; पुरत्या सव्वाशें वर्षांचाहि नाहीं. तथापि एवढ्या अवधींत त्यानें लक्षावधि विद्यार्थ्यांना महाविद्यालयाचीं दारें उघडून दिलीं आणि कित्येकांच्या तोंडावर तीं लावूनहि घेतलीं. हा प्रश्न वाचनाच्या परीक्षांत कसा शिरला, त्याचें रूप कसें पालटलें आणि त्या रूपाबरोबर उत्तर देण्याची रीतहि कशी पालटत गेली, हा इतिहास शिक्षकांनीं व पालकांनीं लक्षांत घेण्याजोगा आहे.

आरंभ पॅरिस शहरीं झाला. इ. स. १९०५ मध्यें आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनीं मंदगति मुलें ओळखून काढण्यासाठीं एक परीक्षामाला तयार केली. तींत घर, घोडा, काटा अशा नित्याच्या गोष्टी म्हणजे काय, असें मुलास विचारीत. मूल समोर बसे, परीक्षक त्याचें बोलणें ऐके. युक्तीला तेथें जागाच नव्हती. पुढें अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांतील ल्युइस टर्मन यांनीं १९१६ सालीं ही माला सुधारली, तेव्हां १८,००० शब्दांच्या एका कोशांतून ठराविक नियमानें १०० शब्द निवडले. यांतील एक शब्द आला कीं मुलास कोशांतील १८० शब्द येतात, असा त्यांचा हिशेब होता. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच!

परंतु एकेका मुलास समोर बसवून विचारणें हें फार वेळाचें काम. त्याच सुमारास कॅन्सास येथें फ्रेडरिक केली यांनीं मूकवाचनाची एक छापील परीक्षा काढली. तींत उत्तर मनानें न लिहितां, छापलेल्या शब्दांतून योग्य तो शोधून त्यावर खूण करावयाची असे. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेनें सुमारें १७ लक्ष सैनिकांची बुद्धि छापील परीक्षांनीं मोजली. लिहितां-वाचतां येणाऱ्यांच्या परीक्षेंत शब्दांच्या जोड्या देऊन ते समानार्थी कीं विरुद्धार्थी, असें विचारलें होतें. उत्तर देण्याऐवजीं निवडावयाचें झालें, आणि युक्तीचा जन्म झाला.

या सैनिकांच्या आंकड्यांवरून कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञांनीं १९२३ सालीं ग्रंथ लिहून, उत्तर युरोपांतील वंश इतरांहून जात्याच बुद्धिमान आहेत असा निष्कर्ष मांडला. असल्या परीक्षांनीं निरनिराळ्या वंशांची तुलना करतां येत नाहीं, असें सांगून १९३० मध्यें त्यांनींच तो जाहीरपणें मागें घेतला. दरम्यान त्यांच्याच नेतृत्वाखालीं कॉलेज बोर्डाची 'स्कोलॅस्टिक अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट', म्हणजेच 'सॅट', २३ जून १९२६ रोजीं प्रथम घेण्यांत आली होती. तीस ८,०४० विद्यार्थी बसले. ९७ मिनिटें आणि प्रश्न ३१५. म्हणजे एका प्रश्नास सरासरीनें १९ सेकंदहि नाहींत. व्याख्या, विरुद्ध अर्थ, शब्दांचीं परस्पर नातीं असे त्यांतील बरेच प्रश्न सुट्या शब्दांवर होते.

अशा परीक्षेची तयारी करण्याच्या तीन रीती रूढ झाल्या. पहिली पाठांतराची. शब्दांच्या लांबलचक याद्या निघाल्या व त्या घोकून घेणारेहि निघाले. ब्रुकलिनमध्यें स्टॅन्ले कॅप्लन यांनीं १९३८ सालीं सुरू केलेली घरगुती शिकवणी पुढें याच परीक्षेच्या आधारावर मोठा व्यवसाय होऊन बसली. दुसरी रीत शब्दाचीं अंगें ओळखण्याची: मूळ धातु कोणता, उपसर्ग कोणता, प्रत्यय कोणता. ही उपयोगाची खरी, पण बेभरंवशाची. 'इन्फ्लेमेबल' या इंग्रजी शब्दांतील 'इन' नकारार्थी समजून 'पेट न घेणारें' असा अर्थ केला तर घात होतो. त्याचा अर्थ नेमका 'चटकन पेटणारें' असा आहे. मराठींतहि 'अमूल्य' म्हणजे कवडीमोल नव्हे. तिसरी रीत पर्याय वगळण्याची. कित्येक वर्षें पांच पर्यायांतून चुकीचा निवडल्यास पाव गुण वजा होत असे. आंधळेपणानें पांच प्रश्न सोडविले तर सरासरीनें एक बरोबर व चार चूक. मिळालेला एक गुण चार पाव गुणांत जाऊन हातीं शून्य. मात्र प्रत्येक प्रश्नांतील एक पर्याय जरी खात्रीनें बाद करतां आला, तरी पारडें परीक्षार्थ्याकडे झुके.

या सर्व खटाटोपांत एक अन्याय दडलेला होता. एका पुढें गाजलेल्या प्रश्नांत 'धावणारा आणि मॅरेथॉन' या जोडीसारखी दुसरी जोडी निवडावयाची होती. उत्तर होतें 'वल्हेकरी आणि रेगाटा'. रेगाटा म्हणजे होड्यांची शर्यत. नौकाविहाराची हौस असलेल्या घरांतील मुलास हा शब्द जेवतांखातां कानीं पडलेला. गरिबाच्या मुलानें ती शर्यत कधीं पाहिलेली नाहीं, कीं तिचें नांव ऐकलेलें नाहीं. दोघांची बुद्धि सारखी असली तरी गुण सारखे पडणें शक्य नव्हतें.

वास्तविक वाचनाचें मर्म फार आधीं हातीं आलें होतें. एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं १९१७ सालीं मुलांच्या चुका तपासून दाखविलें कीं, उतारा समजून घेणें हें गणित सोडविण्यासारखें आहे. प्रत्येक शब्दास योग्य तेवढेंच वजन द्यावें लागतें. एखादाच शब्द डोईजड झाला कीं अर्थ बिघडतो. १९४४ सालीं फ्रेडरिक डेव्हिस यांनीं वाचनाच्या कौशल्यांचें पृथक्करण केलें, तेव्हां शब्दज्ञान आणि विचार हींच दोन अंगें सर्वांत ठळक आढळलीं.

परीक्षा मात्र सावकाश वळली. १९९४ मध्यें विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न गेले, २००५ मध्यें शब्दांच्या नात्यांचे गेले. २०१६ मध्यें दुर्मिळ शब्दांवरचा भर आणि चुकीबद्दलची वजावट हीं दोन्हीहि गेलीं, आणि परिचित शब्दाचा 'या वाक्यांत' अर्थ कोणता, हें विचारलें जाऊं लागलें. भारतासह परदेशांत २०२३ पासून व खुद्द अमेरिकेंत २०२४ पासून ही परीक्षा संगणकावर होऊं लागली. उतारे आंखूड झाले, गाळलेल्या जागा पुन्हां आल्या. परंतु उत्तराचा आधार उताऱ्यांतच असतो.

या नव्या रूपास साजेशी रीत अशी. प्रथम पर्यायांकडे पाहूंच नये. वाक्य आणि त्याच्या मागचें-पुढचें वाक्य वाचावें. 'परंतु' आला तर अर्थ उलट वळतो. 'म्हणून' आला तर आधींचें कारण पाहावें. मग त्या जागीं स्वतःचा एखादा साधा शब्द योजावा, त्याच्याशीं जुळणारा पर्याय निवडावा आणि तो घालून सबंध वाक्य पुन्हां वाचावें. 'तलवारीचें पाणी' किंवा 'मोत्याचें पाणी' असें लिहिलेलें असतां जो 'जल' हा पर्याय निवडतो, त्यानें शब्द वाचला, वाक्य वाचलें नाहीं. प्रश्न काढणारा असा नेहमींचा अर्थ पर्यायांत मुद्दाम ठेवतो. भारतीय शास्त्रकारांना ही गोष्ट नवी नव्हती. 'सैंधव आण' असें जेवतांना म्हटलें तर मीठ आणावें, प्रवासास निघतांना म्हटलें तर घोडा, हें उदाहरण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. भर्तृहरीनेंहि 'वाक्यपदीया'त अर्थनिश्चयाचीं साधनें सांगतांना साहचर्य, विरोध, प्रकरण इत्यादि गणना केली आहे.

तथापि या रीतीलाहि मर्यादा आहे. एका अनोळखी शब्दाचा अर्थ भोंवतालचे शब्द सांगतात खरे. पण ते भोंवतालचे शब्दच अनोळखी असतील तर त्यांनीं काय सांगावें? म्हणून अन्याय कमी झाला असला तरी संपलेला नाहीं. ज्याच्या घरीं पुस्तकें नाहींत त्या मुलास परीक्षेच्या आदल्या महिन्यांत शब्दांची यादी देऊन भागत नाहीं. त्यास लहानपणापासून वाचावयास पुस्तकें मिळालीं पाहिजेत, आणि अडलेल्या शब्दापाशीं थांबून 'येथें याचा अर्थ काय असेल बरें?' असें विचारणारा शिक्षक मिळाला पाहिजे. इतकें झालें म्हणजे वर सांगितलेली रीत त्याच्या अंगवळणी पडते, आणि परीक्षेसाठीं ती निराळी शिकवावी लागत नाहीं.