परावर्तित प्रकाशातले चुंबकत्व

चुंबकी क्षेत्रात ठेवलेल्या जड काचेतून ध्रुवित प्रकाश गेला, की त्याच्या कंपनाचे प्रतल फिरते. हे मायकेल फॅरडे यांनी लंडनमध्ये १८४५ साली दाखवले. पण लोखंडातून प्रकाश आरपार जात नाही. मग तेथे काय करायचे? ग्लासगोच्या एका शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या जॉन केर यांनी विद्युतचुंबकाचा ध्रुव आरशासारखा चकचकीत केला आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाश तपासला. प्रतल किंचित फिरलेले आढळले. चुंबकाचे ध्रुव उलटवले की फिरण्याची दिशाही उलटत असे. ही गोष्ट १८७६ सालची. ती 'केर परिणाम' म्हणून ओळखली जाते.

आता दुसरा धागा पाहू. काही पदार्थ आतून विद्युतरोधक असतात, पण त्यांच्या पृष्ठभागावरून वीज वाहते. त्यांना टोपोलॉजिकल इन्सुलेटर म्हणतात. अशा पदार्थात चुंबकत्व आणले, तर पातळ थराच्या फक्त कडेने, एकाच दिशेने आणि जवळजवळ रोधाविना प्रवाह वाहावा, असे भाकीत होते. २०१३ साली बीजिंगमध्ये श्वे छीखुन यांच्या गटाने ते खरे करून दाखवले. बिस्मथ, अँटिमनी व टेल्युरियमच्या सुमारे ५ नॅनोमीटर जाडीच्या थरात त्यांनी थोडे क्रोमियम मिसळले होते.

पण एक कोडे उरले. तो थर १५ केल्व्हिनपर्यंत चुंबक राहत होता. कडेचा प्रवाह मात्र ०.०३ केल्व्हिनला नीट दिसला. म्हणजे ५०० पटींची तफावत! तिच्यामागचे एक मोठे कारण स्फटिकातले दोष हे आहे. क्रोमियमचे अणू सर्वत्र सारखे पसरत नाहीत. कोठे दाट, तर कोठे विरळ असतात. शिवाय अणूंनी जागा चुकवल्या, की नको असलेले मुक्त इलेक्ट्रॉन किंवा धन रिक्तिका तयार होतात आणि थर आतूनही वीज वाहू लागतो.

येथे प्रकाश उपयोगी पडतो. त्यासाठी थराला तारा जोडाव्या लागत नाहीत. प्रकाशाचा ठिपका थरावर फिरवत केर कोन मोजला, की कोठला भाग कोणत्या दिशेने चुंबकित आहे याचा नकाशा मिळतो. अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनावरून मुक्त विद्युतभारांचा अंदाज येतो. २०१६ साली जपानी संशोधकांनी टेराहर्ट्झ लहरी वापरून असे थर तपासले. थर थंड होत गेला, तसे फॅरडे आणि केर कोनांमधले नाते सुमारे १/१३७ या विश्वस्थिरांकाकडे सरकत गेले.

या साधनाला मर्यादाही आहे. दृश्य प्रकाशाच्या ठिपक्याखाली लक्षावधी अणू येतात, त्यामुळे एकटा चुकार अणू त्यातून दिसत नाही. दिसते ती सरासरी. तरीही कोणता दोष किती नडतो हे कळल्याशिवाय हा प्रवाह अतिशीत प्रयोगशाळेबाहेर येणार नाही.

वर्गात दोन पोलरॉइड एकमेकांवर फिरवून दाखवताना ही हकिकत अवश्य सांगावी. केर यांचा कोन मोजण्यामागेही तेच तत्त्व होते.