रेशनच्या हक्कासाठी काम कसं करायचं? मोबाइल, माहिती अधिकार आणि सोशल मीडियाचा नीट वापर



सामाजिक न्यायासाठी आपणही काहीतरी करावं, असं अनेकांना वाटतं. मग आपण एखादी पोस्ट शेअर करतो, ऑनलाइन याचिकेवर सही करतो, डीपी बदलतो. चार दिवसांनी विषय बदलतो आणि ज्यांचा प्रश्न होता ते तिथेच राहतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी घराजवळच्या वस्तीत रेशनच्या तक्रारींचं काम करणाऱ्या गटासोबत असतो. आपल्याला रोज येणाऱ्या साध्या गोष्टी, म्हणजे पोर्टल वाचणं, तक्ता बनवणं, मुद्देसूद अर्ज लिहिणं, तिथे खूप उपयोगी पडतात. या लेखात रेशनचं उदाहरण घेऊन ही सगळी पद्धत पायरी-पायरीने बघू. पेन्शन, रोजगार हमी, शिष्यवृत्ती अशा दुसऱ्या प्रश्नांनाही ती बरीचशी लागू होते.

आधी हक्क किती ते बघा

रेशन ही कोणाची मेहेरबानी नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ नुसार तो हक्क आहे.

- प्राधान्य कुटुंब: माणशी दरमहा ५ किलो धान्य
- अंत्योदय कुटुंब: कार्डामागे दरमहा ३५ किलो धान्य
- जानेवारी २०२३ पासून या दोन्ही गटांना हे धान्य मोफत आहे

म्हणजे प्राधान्य कार्डावर पाच नावं असतील तर महिन्याला २५ किलो. एवढा हिशोब पाठ असला तरी अर्धं काम होतं, कारण वस्तीत बहुतेकांना ‘दुकानदार देतो तेवढं’ इतकंच माहीत असतं.

अंगठ्याबद्दलही नेहमी विचारलं जातं. भांडी घासून, सिमेंट कालवून बोटांच्या रेषा झिजतात आणि ई-पॉस मशीन अंगठा घेत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्येच केंद्र सरकारने राज्यांना कळवलंय, की केवळ आधार नाही किंवा अंगठा जुळला नाही म्हणून पात्र कुटुंबाला धान्य नाकारायचं नाही.

पायरी १: कार्डाची नोंद ऑनलाइन बघा

महाराष्ट्रात ई-पॉस मशीनवर झालेल्या व्यवहारांची नोंद ‘महाईपॉस’ पोर्टलवर दिसते. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ते उघडा, ‘आरसी डिटेल्स’ निवडा आणि कार्डाचा बारा अंकी नंबर टाका. कार्डावर किती नावं आहेत, कोणत्या महिन्यात किती धान्य उचललं, हे समोर येतं. हा नंबर कार्डावर किंवा मशीनच्या पावतीवर असतो.

आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या एका मावशींचं कार्ड आम्ही असंच बघितलं. घरात पाच माणसं. तीन महिने त्यांना १५-१५ किलोच मिळालं होतं, ‘वरून माल कमी आलाय’ असं सांगून. पोर्टलवर मात्र तिन्ही महिने पूर्ण २५ किलोची नोंद होती. पावती त्यांना कधी मिळालीच नव्हती. अंगठा एकदाच घेतला जायचा, पण तो किती किलोसाठी, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

अशा वेळी त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा आणि पावती मागायला सांगा. मशीनमधून पावती निघते आणि ती मिळणं हा कार्डधारकाचा हक्क आहे.

पायरी २: तक्रार कोणाच्या नावाने? हे आधी ठरवा

स्क्रीनशॉट बघितल्यावर माझा हात लगेच तक्रारीकडे गेला. मावशी म्हणाल्या, “दादा, माझं नाव नका घालू. पुढच्या महिन्यात मला त्याच दुकानात जायचंय.”

संपूर्ण लेखात मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण पोस्ट टाकून घरी जातो. ज्याचं नाव त्या पोस्टमध्ये असतं, त्याला दुसऱ्या दिवशी रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून नाव, फोटो, कार्ड नंबर वापरायचा की नाही हा निर्णय फक्त त्या माणसाचा. होकार दिला तरी काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवा आणि नंतर त्यांचं मन बदललं तर तेही मान्य करा.

मग प्रश्न पुढे कसा न्यायचा? तीन मार्ग आहेत.

१. स्वतःच्या नावाने तक्रार: कार्डधारक तयार असेल तर १९६७ या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. लेखी तक्रार तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा शहरात परिमंडळ अथवा शिधावाटप कार्यालयात द्या आणि पोच घ्या. तिथे दाद मिळाली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोग, अशी रचना कायद्यातच आहे.

२. सामूहिक तक्रार: एकाच दुकानाच्या वीस-पंचवीस कार्डधारकांनी मिळून एकच अर्ज देणं. एकट्या माणसावर राग काढणं मग अवघड जातं.

३. पूर्ण दुकानाची माहिती मागणं: एका कार्डाचा विषयच काढायचा नाही. दुकानाला किती माल आला, किती वाटला, हे माहिती अधिकारात मागायचं. हा अर्ज कोणताही नागरिक करू शकतो, अगदी त्या दुकानाचा ग्राहक नसलेलाही. इथे आपलं नाव पुढे करता येतं. त्या दुकानावर आपलं पोट अवलंबून नसतं.

आम्ही तिसऱ्या मार्गाने सुरुवात केली.

पायरी ३: वस्तीचा तक्ता बनवा

शेअर करता येणारी एक साधी शीट पुरते. रकाने एवढेच: कुटुंबाला दिलेला क्रमांक, कार्डावरची नावं, महिना, हक्काचं धान्य, प्रत्यक्ष मिळालेलं, पोर्टलवरची नोंद, पावती मिळाली का.

काही पथ्यं पाळा:

- आधार नंबर लिहूनच घेऊ नका. त्याची गरज नसते.
- नावं आणि कार्ड नंबर वेगळ्या वहीत, फक्त एका माणसाकडे.
- ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय बंद ठेवा. ज्यांना हवं त्यांनाच ईमेलने प्रवेश द्या.
- माहिती घरोघरी जाऊन, बोलून घ्या. ऑनलाइन फॉर्म पाठवला की ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच गळतात.

पायरी ४: माहिती अधिकाराचा अर्ज

माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांसाठी ‘आरटीआय ऑनलाइन’ हे राज्याचं वेगळं पोर्टल आहे. केंद्राचं पोर्टल वेगळं, त्यावर राज्याचा अर्ज टाकू नका.

१. पोर्टलवर विभाग आणि कार्यालय निवडा. रेशनसाठी अन्न व नागरी पुरवठा किंवा तुमचं जिल्हाधिकारी कार्यालय बघा.
२. अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहा. महाराष्ट्राच्या नियमातच ही मर्यादा आहे.
३. १० रुपये शुल्क ऑनलाइन भरा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण पुरावा जोडावा लागतो.
४. नोंदणी क्रमांक मिळाला की लगेच जपून ठेवा आणि ३० दिवसांचा रिमाइंडर लावा.

तुमचं कार्यालय यादीत सापडलं नाही तर साध्या कागदावर अर्ज लिहून १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि कार्यालयात नेऊन द्या. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचंच काम आहे. माहिती कशासाठी हवी, हे सांगायची गरज नाही.

‘भ्रष्टाचार का होतो?’ असा प्रश्न विचारला तर उत्तर मिळत नाही. कागद मागा. नमुना असा:

“रास्त भाव दुकान क्र. ____ बाबत मागील सहा महिन्यांची पुढील माहिती मिळावी. (१) दरमहा मंजूर नियतन व प्रत्यक्ष पुरवलेले धान्य, धान्यप्रकारनिहाय. (२) दरमहा वाटप व महिनाअखेर शिल्लक साठा. (३) दुकानाच्या तपासणी अहवालांच्या प्रती. (४) दुकानस्तरीय दक्षता समितीच्या सदस्यांची यादी व बैठकांच्या इतिवृत्ताच्या प्रती. (५) दुकानाविरुद्ध आलेल्या तक्रारींची संख्या व त्यांवरील कार्यवाही.”

यात कोणत्याही कार्डधारकाचं नाव मागितलेलं नाही, हे लक्षात घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या ८(१)(जे) कलमात बदल केला. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणं त्यामुळे सोपं झालंय. एकूण आकडे मागितले तर ती पळवाट राहत नाही.

उत्तर आलं नाही तर?

- ३० दिवसांत उत्तर नाही किंवा ते अर्धवट आहे: पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. महाराष्ट्रात शुल्क २० रुपये.
- त्यावरही समाधान नाही: ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील.
- विनाकारण उशीर केला तर माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

आयोगाकडे अपिलांचा ढीग असतो, त्यामुळे दुसऱ्या अपिलाला बराच वेळ लागतो. पण प्रत्येक टप्प्याला क्रमांक आणि तारीख असते. हॅशटॅगला ती नसते.

माहिती मिळाल्यावर: जनसुनवाई

माहिती अधिकाराच्या लढ्याची मुळं गावात आहेत. राजस्थानात १९९० मध्ये अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि गावकऱ्यांनी मजदूर किसान शक्ती संघटन सुरू केलं. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराणा गावात त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. मजुरीच्या आणि बांधकामांच्या नोंदी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायच्या आणि खरं काय ते लोकांनी सांगायचं, एवढी साधी पद्धत. १९९६ मध्ये ब्यावर शहरात याच मागणीसाठी ४० दिवस धरणं झालं. इकडे महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर केंद्राच्या आधीच राज्याचा माहिती अधिकार कायदा आला, २००२ चा.

आपल्यालाही तेच करायचंय. आलेले कागद वस्तीत बसून मोठ्याने वाचा आणि शेजारी आपला तक्ता ठेवा. आमच्या दुकानाच्या कागदांवर माल पूर्ण आल्याची नोंद होती आणि दक्षता समितीच्या बैठकीचं एकही इतिवृत्त नव्हतं. ते ऐकल्यावर एकवीस बायकांनी सामूहिक अर्जावर सह्या केल्या. मावशींची सही त्यात होती. पुढच्या महिन्यापासून माल पूर्ण मिळू लागला आणि पावतीही. मागच्या महिन्यांची तूट मात्र अजून भरून मिळालेली नाही, त्याचं अपील चालू आहे.

सोशल मीडियावर टाकताना

पोस्ट जरूर टाका, पण कागद हातात आल्यावर आणि एखादी ठोस मागणी घेऊन. टाकण्याआधी एवढं तपासा:

- नाव, नंबर झाकायला काळा भरीव चौकोन वापरा. हायलायटर पेनाने गिरवलेलं ब्राइटनेस वाढवला की दिसू शकतं.
- पीडीएफवर नुसता काळा चौकोन ठेवला तर खालची अक्षरं कॉपी करता येतात. आधी त्याची इमेज बनवा.
- व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर त्यातली लोकेशनची माहिती तशीच जाते.
- चेहरे झाकायला सिग्नल ॲपमध्ये ब्लर आहे. पण दुकानाची पाटी किंवा घराचा दरवाजाही ओळख देतो.
- दुकानदाराला शिव्या नकोत. ‘कागदावर इतके, हातात इतके’ एवढंच लिहा.

सुरक्षितता

हा भाग हलक्यात घेऊ नका. तळेगाव दाभाडे इथले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. एकट्याने काम करू नका. सारखाच अर्ज तीन-चार जणांनी वेगवेगळा टाकावा, म्हणजे एकाला गप्प करून काही उपयोग होत नाही. अर्जावर घरचा पत्ता द्यायचा नसेल तर पोस्ट बॉक्स क्रमांक चालतो, असं कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलंय. धमकी आली तर ती जपून ठेवा, गटाला सांगा आणि पोलिसांत लेखी द्या.

नेहमीचे प्रश्न

*नोकरी करताना हे जमतं का?*
हो. महिन्यातले दोन रविवार पुरतात. फक्त ऑफिसचा लॅपटॉप आणि ईमेल वापरू नका.

*कायद्याचं शिक्षण लागतं का?*
नाही. अर्ज मराठीत, साध्या भाषेत चालतो.

*नवीन गट काढू का?*
आधी तुमच्या भागात रेशन, घरकामगार किंवा कचरावेचकांसाठी काम करणारी संघटना आहे का ते बघा. त्यांच्याकडे विश्वास असतो, तुमच्याकडे टायपिंगचा वेग. पहिले दोन महिने फक्त ऐका आणि सांगतील ते काम करा.

सुरुवात करायचीच असेल तर या आठवड्यात तुमच्या घरी, सोसायटीत किंवा ऑफिसात काम करणाऱ्या ताई-मावशींना एवढंच विचारा, की रेशन पूर्ण मिळतं का आणि पावती मिळते का. त्यांची इच्छा असेल तर त्यांच्याच मोबाइलवर पोर्टल कसं उघडायचं ते दाखवा. अर्ज लिहिताना कुठे अडलात तर खाली विचारा, मी उत्तर देईन. फक्त कोणाचा कार्ड नंबर तिथे लिहू नका.