गळाची विद्या आणि मुंबईचीं तळीं

गिरगांवांतून भुलेश्वराकडे जातांना सी. पी. टँक नांवाचा नाका लागतो. तेथें एखादा नवखा मनुष्य तळें शोधूं लागला तर लोक त्याला हंसतील. कावसजी पटेल यांनीं अठराव्या शतकांत बांधविलेलें तें तळें केव्हांच बुजलें. राहिलें तें नांव. धोबीतलावावर आज धोबी नाहींत आणि तलावहि नाहीं. गवालिया टँकावर एके काळीं गुरें पाण्यावर येत. ८ ऑगस्ट १९४२ रोजीं तेथील मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, तेव्हां त्या अफाट गर्दींत पायाखालच्या जुन्या पाण्याची आठवण किती जणांना झाली असेल? दोन टांकी, बाबुला टँक, नबाब टँक, खारा तलाव... मुंबईच्या बेटावर अशीं कितीतरी नांवें आहेत, आणि प्रत्येक नांवाच्या खालीं एक नाहींसें झालेलें तळें आहे.

या तळ्यांच्या बांधकामाविषयीं किंवा दात्यांविषयीं मला आज बोलावयाचें नाहीं. पाण्याच्या कांठीं जी एक विद्या नांदत असे, तिच्याविषयीं बोलावयाचें आहे. ती विद्या म्हणजे गळानें मासे धरण्याची. कोंकणांतून परळ-लालबागला आलेल्या घरांतून तिला ‘गरवणें’ असें सुटसुटीत नांव आहे, आणि गळ बांधलेल्या काठीला ‘गरी’ म्हणतात. आपल्या सुशिक्षित मंडळींत या विद्येबद्दल दोन मतें आढळतात. एक, हा साहेब लोकांचा षोक, त्यांनींच इकडे आणलेला; दुसरें, हा रिकामटेकड्यांचा उद्योग. पहिलें मत इतिहासाला धरून नाहीं. दुसरें मत मी स्वतः बाळगून होतों, आणि त्याचा परिणाम काय झाला तें शेवटीं सांगणार आहें.

इंग्लंडांत आयझॅक वॉल्टन यानें गळावरील आपला सुप्रसिद्ध ग्रंथ १६५३ सालीं छापला, आणि इंग्रजी वाचणारे आपले लोक या विद्येचा आरंभ बहुधा तेथूनच मोजतात. परंतु त्याच्या आधीं पांचशें वर्षांहून अधिक काळ, इ. स. ११३० च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हें त्याचेंच दुसरें नांव. वीस वीस अध्यायांचे पांच भाग, असा शंभर अध्यायांचा हा राजाचा ज्ञानकोशच आहे. राज्य कसें मिळवावें, कसें राखावें, काय खावें, कोणतीं वाद्यें ऐकावीं, हत्ती कसे झुंजवावे, हें सारें त्यांत आहे. आणि विनोदांच्या, म्हणजे करमणुकीच्या भागांत ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक अध्याय आहे. तो सर्वस्वीं गळाचा आहे. सोमेश्वर समुद्रांतले मासे निराळे काढतो, नदींतले निराळे. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, मोठे कोणते, लहान कोणते, हें सांगतो. दोरी कशाची व किती जाड असावी, काठी कशी असावी, गळ कसा घडवावा, कोणत्या माशाला कोणतें खाद्य रुचतें, आणि गळाला लागलेला मोठा मासा ओढाताण न करतां दमवून कसा बाहेर काढावा, येथपर्यंत तो जातो. हें लिहिणाऱ्यानें स्वतः कांठावर बसून पाहिलेलें असलें पाहिजे, असें वाचतांना वाटतें. पंडिताला ऐकीव माहितीवर इतकें सुचत नाहीं.

कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. आपल्या मराठी मुलुखाच्या अगदीं शिवेवरचें गांव. याच ग्रंथाच्या संगीताच्या भागांत जुन्या मराठींतल्या ओळीहि आल्या आहेत, त्यामुळें आपल्या भाषेच्या अभ्यासकांना तो परका नाहीं. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं तो संपादून १९२५ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पुढें मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं मत्स्यविनोदाच्या अध्यायावर स्वतंत्र निबंध लिहिला. इतकें असूनहि मराठी घरांतून या अध्यायाचें नांव क्वचितच ऐकूं येतें.

साहेब लोकांनीं कांहींच केलें नाहीं, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यानें १८७३ सालीं ‘द रॉड इन इंडिया’ हें पुस्तक काढलें, आणि १८८७ सालीं ‘टँक अँग्लिंग इन इंडिया’ असें दुसरें. केवळ तळ्यांतल्या गळावर पुस्तक लिहावें, हें त्यालाच सुचलें. आमच्या गांवोगांवच्या तळ्यांवर बसणाऱ्या हजारों लोकांपैकीं कोणाला तें सुचलें नाहीं. कारण त्यांतल्या बहुतेकांना लिहितां येत नव्हतें, आणि ज्यांना लिहितां येत होतें ते कांठावर बसत नव्हते.

आतां प्रत्यक्ष विद्येकडे वळूं. ती मला शिकविली आमच्या लालबागच्या चाळींतील एका साचेवाल्यानें. आम्ही मुलें त्यांना तात्या म्हणत असूं. ही गोष्ट १९७० नंतरच्या चार-पांच वर्षांतली. रविवारीं गिरणी बंद. पहाटेच्या गाडीनें आम्ही करी रोडहून कांजूरमार्गला उतरत असूं, आणि तेथून पायीं पवईच्या तळ्यावर. हें तळें १८९१ सालीं शहराला पाणी कमी पडूं लागलें म्हणून घाईनें बांधलें गेलें. पण दुसऱ्याच वर्षीं तानसाचें पाणी आलें, आणि पवईचें पाणी पिण्याच्या लायकीचें ठरलें नाहीं. माणसांना निरुपयोगी ठरलेलें हें पाणी माशांना मानवलें. गळाच्या हौशी मंडळींची संस्थाहि पुढें तेथें नांदली. तात्यांच्या ओळखीनें आम्हांला कांठाचा एक कोंपरा मिळत असे. तळ्यांत मगरी आहेत, म्हणून पाण्यांत पाय सोडून बसण्याची मात्र सक्त मनाई.

तात्यांचा पहिला धडा आमिषाचा नव्हता. “आधीं माशाचें दार शोध, मग आमिष लाव,” असें ते म्हणत. मासा तळ्यांत सर्वत्र सारखा विखुरलेला नसतो. कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे एकाच तळ्यांत राहतात, पण तीन मजल्यांवर. कटल्याचा खालचा जबडा वर वळलेला, म्हणून तो वरच्या थरांतलें खातो; रोहू मधल्या पाण्यांत; मृगळ तळाशीं चिखल हुंगीत फिरतो. तेव्हां दोऱ्यावरचें तरंगतें पीस कोठें बांधावें आणि गळ किती खोल सोडावा, हें माशाचें तोंड पाहून ठरतें. मरळ वर येऊन हवेचा श्वास घेतो, म्हणून त्याला उथळ, शेवाळानें भरलेली जागा चालते. जिवंत बेडूक किंवा लहान मासोळी दिसली कीं तो झडप घालतो. मिशांची शिंगटी दिवसा दगडांच्या आड दडते आणि अंधार पडूं लागला कीं गांडुळाच्या वासानें बाहेर येते. तिच्या कांट्यानें एकदां माझें बोट असें सुजलें होतें कीं दोन दिवस लेखणी धरतां आली नाहीं.

गांडुळें चाळीमागच्या ओल्या मातींत मिळत. रोहू-मृगळासाठीं पेंड आणि कणीक. कणकेचा गोळा पाण्यांत लवकर विरघळतो. त्यावर तात्यांची युक्ति अशी कीं कणीक मळतांना त्यांत गिरणींतल्या कापसाचे चार तंतू घालावे. गोळा गळाला घट्ट चिकटून राहतो. ही युक्ति मीं पुढें एकाहि पुस्तकांत पाहिली नाहीं.

जागा आणि भक्ष्य यांचें हें नातें सगळ्या जगांत सारखेंच आहे. अमेरिकेच्या गोड्या पाण्यांत क्रॅपी नांवाचा एक चपटा मासा असतो. बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत तो थव्यानें उभा राहतो, आणि लहान मासोळ्या खातो. म्हणून तेथील लोक मुद्दाम झाडांच्या फांद्या तळ्यांत बुडवितात व त्याच्यासाठीं घर तयार करतात. आपल्याकडे त्याच्या कुळांतला मासा नाहीं. त्याच्यासारखा चपटा, पाठीवर कांटे असलेला टिलापिया, ज्याला बाजारांत चिलापी म्हणतात, तोहि मूळचा आफ्रिकेंतला. भारतांत तो १९५२ सालीं आणला गेला. मादी अंडीं तोंडांत धरून जपते, त्यामुळें तो इतका वाढतो कीं जुन्या माशांना जागा उरत नाहीं. तात्यांना तो आवडत नसे. “बोलावल्याशिवाय येतो,” म्हणत.

शहरांतलीं तळीं गेलीं, त्यांत कोणा एकाचा दोष काढतां येत नाहीं. १८६० सालीं विहारचें पाणी नळानें आलें आणि तळ्यांचें काम कमी झालें. मग हिवतापाचें भय आलें. डॉक्टर बेंटली यांनीं मुंबईच्या हिवतापावर १९११ सालीं अहवाल लिहिला, त्यांत शहरांतल्या विहिरींकडे बोट दाखविलें. सांठलेलें पाणी म्हणजे डास, असें समीकरण झाल्यावर जुन्या पाण्यांची गय होणें कठीण होतें. डासांच्या अळ्या खाण्याचें काम कांहीं मासेच करतात, हा भाग निराळा. १९५१ सालीं चर्नी रोडच्या समुद्रकांठीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. पुढें मी शिक्षक झाल्यावर माझे वर्गच्या वर्ग तेथें नेले. मुलांना नांवें पाठ झालीं. मासा कोणत्या दारांत उभा राहतो, हें कांचेंतून कळण्यासारखें नव्हतें.

आतां राहिलेली गोष्ट. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरीं बसले. मी त्या वेळीं नुकताच शिक्षक झालों होतों आणि सातवीचा वर्ग माझ्याकडे होता. संपकऱ्याचा एक मुलगा पावसाळ्यानंतर मधूनमधून शाळा बुडवूं लागला. विचारलें तर मान खालीं. एके दिवशीं त्याच्या दप्तरांत दोऱ्याची गुंडाळी आणि दोन गळ सांपडले. दरडावून विचारल्यावर तो बोलूं लागला. शिवडीच्या खाडीवर जातो, म्हणाला. उधाणाची भरती दुपारीं बाराच्या सुमारास येते. पाणी चिखलावर चढूं लागलें कीं शिंगाळे कांठाला येतात. बाजारांत टाकून दिलेलीं कोळंबीचीं डोकीं आमिषाला फुकट मिळतात. ओहोटीला बसून उपयोग नाहीं, गुरुजी. घरीं त्या दिवशीं कालवण होतें, हेंहि त्यानें सांगितलें.

तात्यांच्या हाताखालीं पांच वर्षें बसलेल्या मीं त्याला दोन छड्या मारल्या, आणि हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असें सर्व वर्गासमोर सांगितलें. दिवाळीपूर्वीं तें कुटुंब गांवीं गेलें. मुलगा पुन्हां दिसला नाहीं. तात्याहि त्याच हिंवाळ्यांत कोंकणांत परतले.

कित्येक वर्षांनीं दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयांत बसून मीं सोमेश्वराविषयीं वाचलें. माशाचें खाणें आणि त्याची येण्याची वेळ ज्याला ठाऊक आहे त्याला राजाच्या करमणुकीच्या अध्यायांत जागा मिळते, हें पाहून मला तो सातवीचा वर्ग आठवला. पालकांना दाखविण्यासाठीं त्या मुलाच्या गैरहजेऱ्या मीं तेव्हां एका वहींत उतरून घेतल्या होत्या. वही घरांत होती. जुनें पंचांग मिळवून मीं तारखा ताडून पाहिल्या. नऊ गैरहजेऱ्यांपैकीं आठ अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या दोन दिवस अलीकडे-पलीकडे निघाल्या. नवव्या तारखेपुढें माझ्याच अक्षरांत ‘ताप’ असें लिहिलेलें आहे.