पहिली हाफ आयर्नमॅन : ११३ किलोमीटरचा हिशोब आणि तयारी

पोहणे, सायकल आणि धावणे हे तीन प्रकार मध्ये न थांबता एकामागोमाग पूर्ण करायचे, या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. त्यातला मध्यम अंतराचा प्रकार आपल्याकडे 'हाफ आयर्नमॅन' किंवा '७०.३' या नावाने ओळखला जातो. १.९ किमी पोहणे, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणे, एकूण ११३ किमी. मैलांत मोजले तर ७०.३ भरतात, म्हणून ते नाव. ऑक्टोबर २०१९ मध्ये आयर्नमॅन ७०.३ पहिल्यांदा भारतात आली, ती गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर. कोकण, कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या हौशी लोकांसाठी ती एका रात्रीच्या प्रवासावर आली.

आपली मुले जिममध्ये दिसतात, मॅरेथॉनमध्येही दिसू लागली आहेत. ट्रायथलॉनचे नाव काढले की मात्र दोन प्रश्न हमखास येतात. "हा पैसेवाल्यांचा खेळ ना?" आणि "समुद्रात पोहायचं कसं?" पहिला प्रश्न अर्धा खरा आहे, दुसरा पूर्ण खरा. म्हणून या लेखात आम्ही पाण्यावर जास्त बोलणार आहोत. सायकल आणि धावणे मेहनतीने जमते, थकलात तर बाजूला थांबता येते. पाण्यात तसे नसते.

खेळ आला कुठून

'ट्रायथलॉन' या नावाने पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे येथे झाली. १९७८ मध्ये हवाईत पहिली आयर्नमॅन झाली. तिथे १५ जण उतरले आणि १२ जणांनी शर्यत पूर्ण केली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. ऑलिंपिकचे अंतर लहान असते : १.५ किमी पोहणे, ४० किमी सायकल, १० किमी धावणे. त्याहून लहान ती 'स्प्रिंट', त्यात साधारण ७५० मीटर, २० किमी आणि ५ किमी. थेट ७०.३ ला उडी मारण्याआधी यांतली एखादी करून पाहणे केव्हाही शहाणपणाचे.

वेळेचा हिशोब

७०.३ मध्ये सर्वसाधारणपणे तीन कट-ऑफ असतात. पोहणे १ तास १० मिनिटांत, सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेपाच तास आणि संपूर्ण शर्यत साडेआठ तास. एक चुकला तर चिप काढून घेतात, शर्यत तिथेच संपते. दरवर्षीची नियमपुस्तिका वेगळी वाचावी, आकडे थोडेफार बदलू शकतात.

वर्गात आम्ही सातवी-आठवीला अंतर, वेग आणि वेळ यांची गणिते घालतो. तीच इथे करून पाहू. १.९ किमी ७० मिनिटांत म्हणजे दर १०० मीटरला ३ मिनिटे ४० सेकंद. २५ मीटरच्या तलावात हे ७६ लांब्यांचे अंतर आहे. समजा तुम्ही तासात बाहेर आलात आणि कपडे-बूट करून सायकल घ्यायला १० मिनिटे गेली. सायकलसाठी ४ तास २० मिनिटे उरतात, म्हणजे ताशी २१ किमीचा वेग तरी हवाच. एवढ्या काठावर सायकल संपवली तर २१.१ किमी धावायला तीन तासही पुरे उरत नाहीत, किलोमीटरला सुमारे ८ मिनिटे ठेवावी लागतात. पण ताशी २४ किमीने सायकल मारली तर धावायला जवळजवळ साडेतीन तास मिळतात. मग किलोमीटरला पावणेदहा मिनिटेही चालतात, म्हणजे थोडे धावणे, थोडे भरभर चालणे. पहिल्या वेळी हाच हिशोब वहीत मांडून ठेवा. नंबर कितवा येतो ते नंतर बघू.

पाणी सगळ्यात आधी

अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रकार, अशा १३५ घटनांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ९० घटना पोहताना घडल्या होत्या आणि बहुतेक पुरुष होते. घाबरवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. तयारी कुठून सुरू करायची, ते यावरून कळते.

तलावात २ किमी न थांबता पोहता येत नाही तोवर फॉर्म भरू नये. ते जमले की उघड्या पाण्याचा सराव करा. समुद्रात तळाची काळी रेघ नसते, धरायला भिंत नसते, लाट तोंडावर येते आणि शेजारच्याची लाथही बसते. दर आठ-दहा हातांनंतर मान किंचित वर काढून पुढचा बोया पाहायची सवय लावून घ्यावी, नाहीतर माणूस १.९ किमीऐवजी सव्वादोन किमी पोहून येतो. दम लागला तर पाठीवर पडून तरंगायचे आणि श्वास लागी लावायचा. हात वर करून कयाकवाल्याला बोलवता येते. त्याची कयाक धरून विसावा घेतला तरी चालते, फक्त तिने तुम्हाला पुढे नेता कामा नये.

एक गोष्ट पक्की : उघड्या पाण्यात एकट्याने कधीच उतरू नये. सोबत जाणकार पोहणारा, कमरेला रंगीत तरंगता फुगा, किनाऱ्यावर एक माणूस आणि स्थानिक कोळी बांधवांना भरती-ओहोटीची विचारपूस एवढे हवेच. पावसाळ्यात समुद्र बंद. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरमध्ये सागरी जलतरण स्पर्धा भरतात. गर्दीत, लाटेत पोहण्याचा सराव म्हणून आदल्या वर्षी तिथे भाग घेता येईल.

गोव्याचे पाणी उबदार असते. २४.५ अंशांपेक्षा गरम पाण्यात हौशी स्पर्धकांना वेटसूट घालून स्पर्धेत मोजले जात नाही. त्यामुळे तरंगायला सूट मदत करील, या भरवशावर राहू नका.

सायकल आणि तिचे नियम

लाखांची सायकल लागत नाही. हातातली, नीट सर्व्हिस केलेली रोड सायकल पुरते, जुनी घेतली तरी चालते. साइझ बरोबर असणे आणि सीटची उंची बसवून घेणे यावर गुडघे आणि पाठ अवलंबून असतात. पंक्चर स्वतःला काढता आलेच पाहिजे, स्पर्धेत बाहेरच्या कोणाची मदत घेता येत नाही.

नियम थोडे आहेत पण कडक आहेत. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा बंद हवा. पुढच्या सायकलच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घेता येत नाही, साधारण १२ मीटर अंतर ठेवायचे. ओव्हरटेक २५ सेकंदांत पूर्ण करायचे. इअरफोन चालत नाहीत. कचरा ठरलेल्या जागीच टाकायचा.

ऊन, खाणे आणि पाणी

धावणे सुरू होते तेव्हा गोव्याचे ऊन डोक्यावर आलेले असते. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. टोपी, मानेवर बर्फ, प्रत्येक पाणपोईवर थोडे चालणे, हे सगळे आधीच ठरवून घ्या.

ताशी साधारण ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, त्यातली बरीचशी सायकलवर, कारण धावताना पोट फारसे घेत नाही. महागड्या जेलशिवायही भागते. एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, एका साध्या मध्यम खजुरात पाच-सहा. गुळाची चिक्की, मीठ-साखर घातलेले लिंबू सरबतही चालते. नुसते पाणी मात्र ढसाढसा पिऊ नका. घामातून मीठ गेलेले असते, वर साधे पाणी जास्त झाले की रक्तातले सोडियम घसरते. डोके दुखणे, मळमळ, भ्रम ही त्याची लक्षणे, आणि हे जिवावर बेतू शकते. स्पर्धेच्या दिवशी नवीन काहीच खायचे नाही. जे सरावात पचले तेच.

वीस आठवडे

जो माणूस आधीच थोडे पोहतो आणि १० किमी धावतो, त्याला १६ ते २० आठवडे लागतात, आठवड्याला सहा ते नऊ तास. नोकरी-घर सांभाळून साधारण असे बसते : दोन-तीन दिवस पोहणे, दोन दिवस सायकल (एक लांब, रविवारी), दोन-तीन दिवस धावणे, एक दिवस पूर्ण आराम. तीन आठवडे वाढवायचे, चौथा हलका ठेवायचा. बहुतेक सराव बोलता येईल इतक्याच वेगाने करायचा. दर पंधरा दिवसांनी सायकलवरून उतरून लगेच वीस मिनिटे धावायचे, कारण उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात आणि त्याची सवय लागते. शेवटचे दोन आठवडे सराव कमी करायचा.

नमाज, रमजान आणि पेहराव

हे प्रश्न आपल्या वाचकांकडून येतात म्हणून थोडक्यात. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो आणि गोव्याची स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. म्हणजे जड सराव ईदनंतर बऱ्याच महिन्यांनी सुरू होतो. रोज्यात लांब सायकल नको. इफ्तारच्या आधी हलके अर्धा तास किंवा तरावीहनंतर थोडे पोहणे पुरे.

त्या दिवसांत पणजीत फजरची वेळ सव्वापाच-साडेपाचच्या सुमारास होते, तर ट्रान्झिशनमध्ये सायकल लावायला पहाटेच पोहोचावे लागते. मुसल्ला पिशवीत असू द्या. जोहर साधारण सव्वाबाराला लागते. शर्यत सात वाजता सुरू झाली असे धरले तर साडेआठ तास म्हणजे दुपारचे साडेतीन, आणि शाफई हिशोबाने असर साडेतीननंतर लगेच लागते. कोकणातल्या बांधवांनी हे आधी लक्षात घ्यावे. तीनपर्यंत शर्यत संपवण्याचा बेत ठेवावा आणि बाकीचे आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

पेहरावामुळे बहिणींनी मागे राहण्याचे कारण नाही. इराणच्या शिरीन गेरामी २०१३ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत अंग आणि डोके झाकणाऱ्या पोशाखात उतरल्या. इराणचे प्रतिनिधित्व करणाऱ्या त्या पहिल्या महिला ट्रायथलीट. २०१६ मध्ये त्यांनी हवाईची पूर्ण आयर्नमॅनही केली. पोहण्याच्या कपड्यांविषयी नियम बारीक असतात, म्हणून आपला पोशाख काय असेल ते आयोजकांना आधी लिहून कळवा आणि लेखी होकार सोबत ठेवा. त्याच पोशाखात महिनाभर सराव करा, ओले कापड किती जड होते आणि कुठे घासते ते तेव्हाच कळते.

कोणी आधी डॉक्टर गाठावा

चाळिशी ओलांडलेले, मधुमेह किंवा रक्तदाब असलेले, घरात कमी वयात हृदयविकार झालेले, आणि मेहनत करताना छातीत जडपणा किंवा चक्कर आलेले, या सगळ्यांनी फॉर्म भरण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाण्याचे आणि डोसचे वेळापत्रक डॉक्टरांसोबत बसूनच ठरवावे. ताप किंवा जुलाब होऊन चार दिवस झाले नसतील तर पाण्यात उतरू नये, फी गेली तरी जाऊ द्यावी.

ज्यांचा इरादा झाला आहे त्यांनी या आठवड्यात एवढेच करावे : जवळच्या नगरपालिकेच्या तलावाची वेळ विचारावी आणि प्रशिक्षकाकडे नाव घालावे. सायकल, बूट, घड्याळ यांची खरेदी नंतर. स्वतःसोबत घरातल्या एका मुलाचे किंवा मुलीचे नावही घाला. ११३ किलोमीटर त्यांनी कधी केले नाहीत तरी पोहायला येणे हे उभ्या आयुष्यात कामी येते.