अंधाराची आणि शांततेची राखण

चित्रपटाचा इतिहास सामान्यतः जे दिसले आणि ऐकू आले त्याचा लिहिला जातो. परंतु जे आत येऊ दिले नाही, त्यावरही या कलेचा पाया उभा आहे. कच्च्या फिल्मला प्रकाशाचे वावडे असते; ध्वनिग्राहकाला हव्या-नकोशा आवाजांत निवड करता येत नाही. म्हणून आपल्या चित्रपटकारांना प्रथम अंधार आणि पुढे शांतता मिळवावी लागली.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा मिळवला. त्या काळी कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे काम चित्रीकरणापूर्वी काळोखातच करावे लागे. ते सरस्वतीबाई फाळके यांनी आत्मसात केले. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाची दृश्ये सूर्यप्रकाशात टिपली गेली. पण तो प्रकाश फिल्मवर नेमक्या क्षणीच पडावा, यासाठी एका गृहिणीच्या हातांनी अंधार राखला होता.

मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याची घरघर कोणालाच बाधत नसे. बोलपट येताच ती शत्रू ठरली. हॉलिवूडमध्ये कॅमेरा आणि छायालेखक यांना ध्वनिबंद खोपट्यात कोंडण्याचा उपाय निघाला. मुंबईत अर्देशीर इराणी यांच्यापुढील अडचण अधिक ढोबळ होती: त्यांच्या स्टुडिओजवळून रेल्वे जात असे. 'टॅनर' यंत्रावर ध्वनी चित्राबरोबरच फिल्मवर उमटे. नको असलेला आवाज मागाहून वेगळा काढण्याची सोय नव्हती. त्यामुळे गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतरच्या मोजक्या तासांत, 'आलम आरा'चे बरेचसे चित्रीकरण झाले. ध्वनिग्राहक नटांच्या आसपास दडवले जात. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक चित्रपटगृहात प्रेक्षकांनी जे ऐकले, त्यामागे शहराच्या झोपेतून मिळवलेली शांतता होती.

१९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायन आणले. गाणे आधीच ध्वनिमुद्रित झाल्याने चित्रीकरणाच्या जागेवरील गोंगाटाची चिंता उरली नाही. कालांतराने संवादही मागाहून भरण्याची पद्धत रूढ झाली. सोय झाली, मात्र अभिनयाच्या क्षणीचा श्वास आणि स्वर पडद्यावरून दुरावला.

१९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथेही 'आलम आरा'ची प्रत नाही. ती अन्यत्र असल्याचेही ज्ञात नाही. नकोसे आवाज रात्रभर जागून बाहेर ठेवणाऱ्या आपल्या परंपरेला, आत आलेले मोलाचे आवाज मात्र जपता आले नाहीत.